चेन बदलायला आलेला माणूस

४ ऑगस्ट

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोन केला असता, पण फोन दादाच्या खोलीत आहे आणि डोळे अधू झाल्यापासून या तुझ्या बापाचे कान इतके तिखट झालेत की मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी तो बाहेरून उत्तर देतो. म्हणून हा खटाटोप.

गाडी सकाळी सुरू केली की पुढून खडखड येते. इंजिन तापलं की थांबते. मला वाटलं, एखादा पत्रा सुटला असेल. दादाने दारात बसल्या बसल्या ऐकलं आणि निदान सांगून टाकलं, इंजिनाच्या आतली टायमिंग चेन सैल पडलीय. मी म्हटलं, मग आवळून घेऊ या. तर माझ्यावर खेकसला, की ती काय लेंग्याची नाडी आहे? ती बदलावीच लागते. इथपर्यंत ठीक होतं. पुढे म्हणतो कसा, नवी चेन मागव, मी बसवतो.

ठोक्या, त्याला आता समोरचं माणूस दिसत नाही रे. डावा डोळा गेलाच, उजव्याने नुसता उजेड कळतो. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं की आता यात सुधारणा होणार नाही. मी आत गेले तर तो माझ्या पावलांच्या आवाजाकडे तोंड करून बसलेला. माझी जीभ वळली नाही. म्हटलं, थेंब चालू ठेवायचेत, हळूहळू फरक पडेल म्हणालेत. तेव्हापासून तो रोज सकाळी खिडकीशी उभा राहतो आणि म्हणतो, आज जरा जास्त उजेड वाटतोय. आणि मी म्हणते, बघ, सांगितलं नव्हतं? सगळी गल्ली मला सामील आहे. शेजारी बिघडलेलं कुलूप आणून देतात, हा दुरुस्त करतो, ते वाहवा करतात आणि घरी जाऊन दुसरं कुलूप लावतात.

पण इंजिन म्हणजे कुलूप नव्हे. तूच मला एकदा समजावलं होतंस, चेन एक दात जरी पुढेमागे बसली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि सगळं भुईसपाट. गाडी गेली तर मी शिवलेल्या गणवेशांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन शाळेत पोचवीन, माझं काही अडत नाही. पण त्याच्या हातून इंजिन फुटलं तर तो परत उभा राहायचा नाही.

तू ये. कंपनीचा माणूस म्हणून ये, आवाज जरा घोगरा काढ. काम तू कर आणि त्याला वाटू दे त्याने केलं. तुमच्यात काय झालं ते मला ठाऊक आहे. तरी ये.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
तुझी आत्या


९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी, गाडी सुरू करू नकोस. खडखड म्हणजे चेन आतल्या आत फटके मारतेय. ती कधी दात सोडेल सांगता येत नाही. गठ्ठे रिक्षाने ने.

आता दुसरं. मला गॅरेजमधून हाकललं ते कशासाठी, हे तू विसरलीस वाटतं. बाबांनी एका गाडीचे ब्रेक केले होते. मी सहज चाक हलवून बघितलं तर एक बोल्ट नुसता टेकवलेला, आवळलेलाच नाही. मी सांगितलं, बाबा, तुम्हाला दिसत नाही, आता हे काम थांबवा. ते म्हणाले, माझ्या गॅरेजमध्ये पुन्हा पाय ठेवू नकोस. आणि त्याच संध्याकाळी तू त्या गिऱ्हाइकाला हळूच माझ्याकडे पाठवलंस, ब्रेक परत करून घ्यायला! मी केले. पण खरं बोलणारा घराबाहेर आणि बाकीचे सगळे लाडके, हे कुठलं गणित?

मी आता फक्त चेनचीच कामं करतो. लोक लांबून गाड्या घेऊन येतात. घरची गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तर मला झोप लागायची नाही. तेव्हा येतो. आवाज वगैरे बदलणार नाही, नाटकाची हौस तुला आहे. मी आपणहून कोण ते सांगणार नाही, एवढंच. पण त्यांनी सरळ काही विचारलं, तर सरळ उत्तर देईन. चालत असेल तर कळव.

तुझी तब्येत सांभाळ, चष्म्याचा नंबर तपासून घे.
तुझा,
ठोक्या


१४ ऑगस्ट

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

चालतंय, न चालून सांगते कोणाला! बापाचा हट्टीपणा पुरेपूर उचललायस. शनिवारी सकाळी ये.

दादाला मी सांगितलं की कंपनीचा खास चेनवाला येतोय. आधी चिडला, माझ्या घरात दुसरा मिस्त्री कशाला म्हणून. मग म्हणाला, बरं, पाने त्याला फिरवू दे, पण गाडी सुरू करायच्या आधी इंजिन हाताने मीच फिरवून बघणार. त्याची जुनी पद्धत तुला माहीत आहे. तेवढं त्याला करू दे. तो म्हणेल ते हो म्हण, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.

तुझ्या आवडीचं काहीतरी करून ठेवते. कंपनीच्या माणसाला इतकं आग्रहाने का वाढतेय असं त्याने विचारलं तर काय सांगू, तेही कळव.
तुझी आत्या


२३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू ऑइलचा जादा डबा आणायला गेलीस तेव्हा काय झालं, ते तुला समोर सांगता आलं नाही. तू परत आलीस तेव्हा गाडी चालू होती आणि मी हात पुसत होतो. तू विचारलंस, डोळे का लाल, मी म्हटलं पेट्रोल उडालं. पेट्रोल नव्हतं.

सकाळपासून बाबा माझ्याशी अहोजाहो करत होते. मिस्त्री, तुम्ही या, मिस्त्री, तुम्ही बसा. शेजारी स्टुलावर बसून त्यांनी एकेक गोष्ट विचारली. चेन ताणून धरणारा टेन्शनर कितपत बाहेर आलाय, तिच्या बाजूचं गाईड झिजलंय का. मी जुनी चेन त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नव्या चेनला लावून बोटांनी मापली आणि म्हणाले, बघा किती लांबलीय, हिने जीव काढला असता. मग म्हणाले, माझा मुलगा हेच काम करतो. चांगलं करतो असं ऐकतो. त्याने मला माझ्या गॅरेजात, गिऱ्हाईक उभं असताना सांगितलं की तुम्हाला दिसत नाही. खरं होतं ते. पण तेव्हा मला त्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवता येईना. मिस्त्री, तुमचे वडील आहेत का? मी म्हटलं, आहेत. तेवढंच म्हटलं.

चेन बसली, तिच्यावरच्या आणि दातेरी चाकांवरच्या खुणा जुळल्या. मी पाना त्यांच्या हातात दिला आणि हात धरून इंजिन फिरवायच्या बोल्टवर नेला. ते फिरवायला लागले आणि मध्येच थांबले. म्हणाले, अडतंय, व्हॉल्व्ह लागतोय, काढा, दात चुकलाय. मी पुन्हा खुणा बघितल्या. बरोबर होत्या. प्लग लावलेले होते, त्यामुळे हवेला बाहेर जायला वाट नव्हती, ती आत दबली की फिरवताना असंच जड लागतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पूर्वी त्यांच्या हाताला हवा कुठली आणि लोखंड कुठलं हे झोपेतसुद्धा कळायचं.

तुझी शपथ आठवली. हो म्हणायचं, उगाच पाना वाजवायचा, आणि आता बरोबर झालं म्हणायचं. कोणाचं काय गेलं असतं? पण ते पाना धरून इतके घाबरून उभे होते की मला ते जमलं नाही. मी म्हटलं, नाही, चेन बरोबर आहे. ती हवा आहे. तुमचं चुकतंय.

मला वाटलं, आता पाना डोक्यात बसतो. ते स्टुलावर बसले. म्हणाले, मिस्त्री, तुम्ही परके. तुम्हाला माझी भीड नाही. माझी बहीण म्हणते, हे डोळे सुधारतील. या, उजेडात नीट बघा आणि मला सांगा, सुधारतील असे दिसतात का?

मी म्हटलं, बाबा, नाही सुधारणार. डॉक्टरांनी आत्याला सांगितलंय.

बाबा म्हणून गेलो. ते मान खाली घालून बसले. मी त्यांच्या गुडघ्याशी बसलो होतो, पण त्यांना हात लावायचा धीर झाला नाही. मग ते म्हणाले, गाडी सुरू करा. मी प्लग तपासून सुरू केली. अजिबात आवाज नाही, छान गुणगुणत राहिली. ते म्हणाले, काम चांगलं आहे, आता हात पुसा आणि घरी जा. तेवढ्यात तू आलीस.

आत्या, मी खरं बोललो, पण घरी येईपर्यंत मला दोनदा गाडी कडेला लावावी लागली. ते कसे आहेत तेवढं कळव. रागावून का होईना, लिही.

तुझा,
ठोक्या


२७ ऑगस्ट

चि. ठोक्यास,

आशीर्वाद देते, कारण न देणं मला येत नाही.

काय करून बसलास रे! तू गेल्यापासून दादा माझ्याशी बोलत नाही. ताट तसंच परत येतं. थेंब घालायला गेले तर त्याने माझा हात बाजूला केला आणि म्हणाला, आता पुरे. सकाळी खिडकीशी उभा राहत नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून असतो. काल मी खूप रडले, म्हटलं दादा, तुझ्यासाठीच केलं ना. तर म्हणाला, माझ्यासाठी केलंस हे मला कळतंय, म्हणून तर काही बोलता येत नाही.

वहिनी असत्या तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. मी खोटं बोलून त्याला उभा ठेवला होता आणि तू खरं बोलून झोपवलास. तुला शहाणपण लखलाभ.

गाडी मात्र गुणाने चाललीय. तेही लिहायला नको वाटत होतं.
आत्या


८ सप्टेंबर

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

अक्षर तुझ्या आत्याचं, बोलणं माझं. ती मधूनमधून नाक पुसते, म्हणून वेळ लागतोय. सांगितलं तेवढंच लिही, आपल्या पदरचं घालू नकोस अशी ताकीद दिली आहे.

तू गॅरेजमध्ये शिरलास तेव्हाच तुला मी ओळखलं. गॅरेजच्या दारातली फरशी एका कोपऱ्यात उचकटलीय. नवा माणूस तिच्यावर ठेचकाळतोच. तू न सांगता लांब ढांग टाकलीस, ती मला ऐकू आली. म्हटलं, वा, कंपनी माणसं घरचीच पाठवते! मग दिवसभर मिस्त्री मिस्त्री का केलं? अरे, तुला ठोक्या म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. परक्याशी माणूस जरा नीट बोलतो.

पण डोळ्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. नसावं असं मीच ठरवलं असेन, देव जाणे. तू सांगितलंस तेव्हा तुला थोबाडीत द्यावीशी वाटली. नंतरचे दिवस फार वाईट गेले. मी रडलो. हे वाक्य आत्या लिहायला तयार नव्हती, लिहायला लावलं आहे. रोज सकाळी मी खिडकीशी जाऊन थोडं जास्त दिसतंय असं ठरवायचो आणि संध्याकाळी चहाचा कप सापडेना की चरफडायचो. आता ते थांबलंय. दिसत नाही, संपलं. परवा पोटभर जेवलो. आत्याशी बोलतो. तिने जे केलं ते मायेपोटी केलं, तिला यापुढे काही बोलायचं नाही, तूसुद्धा.

ब्रेकचं म्हणशील, तर तो बोल्ट माझ्याकडून नुसता टेकलेलाच राहिला होता. त्या माणसाच्या गाडीत त्याची लेकरं बसायची. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

आता कामाचं. मी आत्याचा हात धरून फाटकापर्यंत जातो, त्यापुढे नाही. मला एक पांढरी काठी आणून दे. ती कशी चालवायची ते शिकून घे आणि मग मला शिकव. फाटकापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत मला एकट्याने जायचंय. आत्याला शिकवायला बसवलं तर मी खांबाला धडकलो तरी ती म्हणेल, खांबच मध्ये आला. तू तसं करणार नाहीस. जिथे चुकेन तिथे थांबव आणि चुकलं म्हण.

गॅरेजची किल्ली आत्याकडे दिली आहे. आलास की उघड. पाने माझ्या हाताला लागतील तसे ठेवले आहेत, ते हलवू नकोस.

लोभ ठेव असं लिहायची रीत आहे. तू ठेवला आहेसच, नाहीतर त्या दिवशी हो म्हणून मोकळा झाला असतास.

खालची सही मी स्वतः करतोय. आत्या म्हणेल, छान सरळ आली. तू बघ आणि कशी आली ते खरं कळव.

बाबा