दोन नंबर गप्प आहे

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. कॅन्टीनमध्ये साबुदाणा सोडून काही नाही. माझा उपास नसतो, पण नऊ दिवस घडणार असं दिसतंय.

आमच्या डेअरीच्या चिलिंगची, म्हणजे दूध गार करायच्या खात्याची, दोन नंबर मोटर आज हिरवी. मधून मधून पिवळी होते नि आपली आपण हिरवी. बेअरिंगवर चिकटवलेली डबी थरथर मोजते, थरथर वाढली की पडद्यावर रंग बदलतो, तसाच राहिला की माझ्या मोबाईलवर मेसेज, कारण मोटरींचं मेन्टेनन्स माझ्याकडे. आलेख बघायला मात्र प्लांटलाच जावं लागतं. मशिननं मान टाकायच्या आधी कळावं म्हणून हा सगळा खटाटोप.

मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेब म्हणाले, "दिवाळीत दुधाचा पूर येतो. दोन नंबर दम काढेल ना?" आलेख सपाट होता. म्हटलं, काढेल. एक नंबर म्हातारी झालीय, एकटीच्या जिवावर सगळं दूध गार व्हायचं नाही. दोन नंबर बसली की दूध नासलं.

परत घरी, सावेडीपर्यंत, एसटीत उभी. पाय गेले.

२५ सप्टेंबर, गुरुवार
आईची साखर नॉर्मल. डॉक्टर खूश. दोन दिवस आधीपासून भात बंद, चहा बिनसाखरेचा. दवाखान्यातून आल्या आल्या गुळाचा खडा.
म्हटलं, आई, फसवतेस कोणाला?
"डॉक्टरला बरं वाटलं ना? मग झालं."
अर्धांगानंतर डावा हात उचलत नाही, पण जिभेला काही झालेलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
एकही मेसेज नाही. आईचं डोकं धुतलं, कपडे वाळत घातले, दुपारी झोपले. दुपारी झोपले, हे लिहून ठेवण्याजोगं आहे.

मोबाईल वाजला की अजून हातातलं टाकून आधी नाव बघते. प्लांट की कमलमावशी? (मी कामावर असताना शेजारच्या कमलमावशी आईजवळ बसतात. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.) आई दवाखान्यात होती तेव्हा प्लांटचे मेसेजवर मेसेज यायचे. सलाईनकडे बघू की मोबाईलकडे? तेव्हा नानांजवळ बोलून गेले होते, हा फोन एक दिवस माझा जीव घेणार.

नाना, चिलिंगचे ऑपरेटर. खरं नाव रावसाहेब. आमच्या नगरकडे निम्मे लोक नावापुरतेच साहेब.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. सकाळचं दूध आवरल्यावर मशिनं थोडा वेळ बंद, पुसून-धुऊन पूजेला. नाना दोन नंबरला पुसत होते, लेकराचं अंग पुसावं तसं. फडकं भलतंच काळं झालेलं. मी झाकण काढून बघितलं. आत ग्रीसचा लगदा. बेअरिंगमधून ओसंडून मोटरच्या पोटात गेलेला.

"नाना, एवढं ग्रीस कोणी मारलं?"
"म्याच की. पिवळी झाली की देतो दोन-चार पंप. लगीच हिरवी हुती."
"मला न सांगता?"
"तुमाला कळू नये म्हनूनच देत हुतो ताई. आई आजारी, त्यात ह्यो फोन सारका केकाटतोय. म्हनलं, तेवढाच इसावा."

राग आला. खूप. त्याहून जास्त रडू आलं. ग्रीसनं थरथर तेवढ्यापुरती दबते, झीज आत चालूच राहते, वर बेअरिंग तापतं ते वेगळंच. म्हणजे तो सपाट आलेख नानांच्या मायेचा होता, आणि त्याच्या भरवशावर मी "दम काढेल" म्हणून बसले. रविवारची ती झोपसुद्धा...

दोन नंबरला हार घातला, नारळ फुटला. नानांनी खोबरं हातावर ठेवलं. खाल्लं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
धम्मचक्र दिन. आईला पांढरी साडी नेसवली. विहाराच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून त्रिसरण-पंचशील घरीच. डावा हात उजव्यानं उचलून तिनं जोडला. माझं लक्ष मोटरीत. आईनं ओळखलं. "तू हितं न्हाईस," म्हणाली. एवढंच.

६ ऑक्टोबर, सोमवार
साहेबांना सांगितलं. दोन नंबर आत्ताच खोलू या.
"तूच म्हणालीस दम काढेल."
चुकलं सर. आकडे खरे नव्हते. ग्रीस जास्त गेलंय.
"कोणी मारलं?"
आमच्याच खात्यानं.
त्यांनी पुढे विचारलं नाही. नाना रिटायरला आलेत, मी सांगितलंही नाही.

ठरलं ते असं: बेअरिंग मागवायचं, मोटर खोलायची भाऊबीजेनंतर. तोवर लक्ष ठेव. लाल झाली तर त्या क्षणी बंद कर, मला विचारत बसू नकोस. म्हणजे आता सगळं त्या डबीच्या खरेपणावर.

खाली जाऊन नानांना सांगितलं, ग्रीस बंद. ओरडू दे तिला.
"अन् तुमी?"
"मी बघेन माझं."
त्यांनी मान हलवली. पटलेलं नव्हतं.

११ ऑक्टोबर, शनिवार
पिवळी. काल पिवळी. परवा पिवळी. आईला पेज भरवताना मेसेज, एसटीत मेसेज, अंघोळीला गेले तर बाहेर मोबाईल थरथरतोय. आई म्हणाली, फेकून दे ते.

आज मनात आलं, एक पंप मारला तर असं काय होणार आहे? एवढं मनात आलं आणि नानांवरचा उरलेला राग गेला.

१५ ऑक्टोबर, बुधवार
थरथर चढतेय. हळू, पण चढतेय. नवं बेअरिंग येऊन स्टोअरमध्ये पडलंय, खोकंसुद्धा फोडलेलं नाही. साहेबांकडे पुन्हा गेले. "भाऊबीज," म्हणाले. वर बघितलंही नाही. मी जास्त भांडले नाही. भांडायला अंगात काही असावं लागतं.

निघताना नानांनी आईसाठी मेथीची जुडी दिली. "चेहरा उतारलाय ताई तुमचा. झोपत जावा जरा."
इतक्या मायेनं म्हणाले की मला भीती वाटली.

१८ ऑक्टोबर, शनिवार
आकडा लालला टेकलाय. टेकलाय, ओलांडला नाही. उद्या सुट्टी, पण चप्पल दारातच ठेवलीय.

१९ ऑक्टोबर, रविवार
सकाळपासून एकही मेसेज नाही. जेवणं झाली तरी नाही.

बेअरिंग काय रात्रीत बरं होत नसतं.

नानांना फोन लावला.
"समदं ब्येस हाय ताई. हिरवीगार. रईवार हाय, तुमी आईकडं बगा."
"नाना, ग्रीस दिलं का?"
मागून मोटरचा आवाज येत होता.
"आई जेवली का?" म्हणाले.

फोन ठेवला. आईनं विचारलं, कोण?
प्लांट.
"काय म्हनत्यात?"
सगळं बरं आहे म्हणतात.
"मग बस की हितं. आज तरी बस."

बसले. हेच लिहीत बसलेय. संध्याकाळचं दूध आता गावोगावहून निघेल. साहेब म्हणालेत, लाल झाली तर बंद कर. हिरवी असताना बंद करायचं मी विचारलंच नव्हतं.

कमलमावशींना हाक मारली आहे. एसटीची वाट बघायला वेळ नाही; दारातल्या जुन्या स्कूटरची किल्ली आईला दिसू नये म्हणून मुठीत धरलीय, आणि ती माझ्या मुठीकडेच बघतेय.