चार मानवंदना आणि एक डबल बास

मी, स्वप्निल संतराम कावरखे, वय २६, शिक्षण नववी, काम बँडमध्ये वाजवणे व चाली बांधणे, राहणार गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, जेवण झाल्यावर, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. येत्या सतरा तारखेला नांदेडला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. घाबरण्याचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण ते दोनदा म्हणाले, म्हणून लिहून ठेवतो. खाडाखोड असेल तिथे माझी सही पाहावी.

१. घरातला माझा हिस्सा व बँकेतली शिल्लक बहीण प्रियंका हिला. कागद पत्र्याच्या पेटीत, तळाशी, निळ्या पिशवीत आहेत. पिशवीत काय काय आहे याची यादी पिशवीवरच टाचली आहे. ती पाहून प्रियंका म्हणाली, "दादा, आता त्या टाचणीचं बी नाव लिव." टाचणीही तिलाच.

२. डबल बास हा माणसाहून उंच, उभा धरून गजाने वाजवायचा, खर्जातला बाजा. हैदराबादचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा आमचे बँडमास्तर, हिंगोलीचे फकीर मास्तर, तो घेऊन आले. वारण्याआधी त्यांनी तो मला दिला. तो त्यांची मुलगी रुक्सार हिला परत द्यावा. तिचा कान माझ्याहून चांगला आहे. नेताना जीपच्या टपावर आडवा बांधू नये, आत सीटवर गोधडीत गुंडाळून न्यावा. हळदीच्या पोत्यांजवळ ठेवू नये, धूळ खुंट्यांत बसते.

३. एकट्या डबल बासवर वाजवायच्या मी चार रचना केल्या आहेत. लग्नात आमची चाल लोकांना पाठ होते, पण ती कोणी बांधली हे कोणी विचारत नाही. म्हणून मी चाली बांधणाऱ्यांनाच मानवंदना दिली. पहिली फकीर मास्तरांना. दुसरी आमच्या गल्लीतल्या द्वारकाबाईंना. हळद लावताना त्या उभ्या उभ्या गाण्याला नवी चाल लावतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. मी विसरलो नाही. तिसरी वसमतच्या उत्तमसिंगला. त्याने माझी एक चाल स्वतःची म्हणून तीन लग्नसराया वाजवली, तरी तो बांधतो चांगले, हे खोटे कसे म्हणू? त्याच्या रचनेत मी माझी ती चाल उलट्या क्रमाने घातली आहे. ती वाजेल तेव्हा त्याला समोर बसवावे. ओळखेल. या तिन्हींची वही रुक्सारला. कॅसिओ किंवा ढोलकी जोडू नये.

४. चौथी रचना रामजी वाकळे यांना. रामजीकाका आमच्या बँडचे क्लॅरिनेटवाले. आम्ही दोघांनी अकरा वर्षे बरोबर बसून चाली बांधल्या. गेल्या श्रावणात त्यांच्या साठीला मी न विचारता त्यांच्या दारात ही रचना वाजवली. आमच्याकडे दारात एकटे वाद्य संथ वाजले की माणूस गेला असे समजतात. प्रेतापुढे बँड असाच वाजतो. मी स्वतः कितीदा वाजवला आहे, तरी त्या दिवशी माझ्या ध्यानात आले नाही. शेजारी टोप्या घालून जमले. एकाने बांबू आणून भिंतीला लावले. रामजीकाका दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आले, तेव्हा एक म्हातारा किंचाळला. त्यांच्या पत्नी बेबीबाई मला म्हणाल्या, "काहून रे, जित्या माणसाला पोचवून राहिला का?"

मी म्हणालो, "काकू, हा मान हाय."

"तुझा मान तुझ्यापाशी ठेव!"

काका फेस पुसत आत गेले. त्यांनी बँड सोडला. आज सहा महिने झाले, आमचे बोलणे नाही. ते क्लॅरिनेटवर जिथे दम घेतात, तिथे मी या रचनेत गज थांबवला आहे. हे पान त्यांना द्यावे. फाडायचे तर त्यांनीच फाडावे, दुसऱ्याने नाही.

५. माझ्या वेळी उत्तमसिंगचा बँड बोलावू नये.

दुरुस्ती, त्याच दिवशी, संध्याकाळी. माझा मित्र मुबश्शीर, जीप चालवतो, हा एक साक्षीदार. दुसरा मिळत नव्हता. मला न सांगता तो रामजीकाकांनाच जीपमध्ये घालून घेऊन आला. काकांनी चष्मा लावून सगळे वाचले. चौथ्या कलमावर थांबले. म्हणाले, "ते पान कुठं हाय?"

मी दिले. त्यांनी बोटाने सूर धरत गुणगुणून पाहिले. मग म्हणाले, "हितं मी दम घेत न्हाई. पुढच्या सुरावर घेतो."

"बराबर आठवतं का काका?"

"छाती माझी हाय का तुझी? दुरुस्त कर."

मी पेन्सिलीने दुरुस्त केले. त्यांनी सहीसाठी पेन मागितला. ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, असे सेनगावच्या अर्जनवीसाने मला बजावले होते. ते मी काकांना सांगितले.

"मंग आत्ताच दे की हातात," ते म्हणाले.

म्हणून कलम ४ रद्द. सदर पान आज मी रामजीकाकांच्या हातात दिले. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवले. त्यावर आता माझा हक्क नाही.

ठिकाण: गोरेगाव. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५.

सही: स्वप्निल संतराम कावरखे

स्वप्निलने आमच्या डोळ्यांदेखत सही केली, व त्याच्यासमोर आम्ही सह्या केल्या:

१. शेख मुबश्शीर शेख गफूर
२. रामजी किसन वाकळे

(खालची ओळ मृत्युपत्राचा भाग नाही. ती रामजीकाकांनी लिहिली आहे. मी नको म्हणत होतो.)

सतराला मी नांदेडला संग येतो.