सहा मीटर वीस

ओजिमा, बुधवार दुपार

प्रिय अवधूत,

एकाच घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसशील. पण तू सकाळी सातच्या आत स्टेशन गाठतोस, परततोस तेव्हा माझा डोळा लागलेला असतो, आणि रविवारी समोर बसलास की मला फक्त चहाबद्दल बोलता येतं. चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाची ही गत. कागद पुढ्यात असला की जरा धीर येतो. थकलोय रे. पाय अजून पूल ओलांडून फुनाबोरीपर्यंत नेतात, त्यांची तक्रार नाही. आतून थकलोय.

तो रविवार सारखा आठवतो, आपण ते दोन पिकअप ट्रक बघायला गेलो होतो तो. एक निळा, एक चंदेरी. दोन्ही अमेरिकेहून आलेले, आणि दोन्ही कंपन्यांचं म्हणे सासवडच्या दोन तालमींसारखं जुनं वैर. विक्रेता कमरेत वाकून वाकून माहिती सांगत होता आणि नुपूर तुला टोमणे मारत होती की हा आपल्या स्वयंपाकघरापेक्षा मोठा आहे, ओटा तेवढा बसवून घे. इथला शेतकरी खेळण्यातल्यासारख्या चिमुकल्या केई ट्रकवर भागवतो. तुझा हिशेब वेगळा होता. पुढे मी, मागे नुपूर आणि आपली नात अश्लेषा, हौद्यात भेंडी-गवारीचे खोके आणि त्याच्याही मागे ओढायला छोटा ट्रॅक्टर. मार्चअखेर तुझी संस्थेतली नोकरी संपणार, मग इबाराकीची ती जमीन कसायला घ्यायची, नाहीतर सगळं आवरून सासवडला परतायचं, हे दोनच रस्ते तू आम्हाला सांगितले होतेस.

मला त्या दोन ट्रकांत वृत्तंच दिसली. निळा म्हणजे शार्दूलविक्रीडित. लांबलचक, भारदस्त, म्हणायला छाती हवी. इंजिन सुरू केलं तेव्हा माझ्या चष्म्याच्या काचा थरथरल्या. चंदेरी म्हणजे ओवी. आवाज मऊ, मागची काच सरकते, आणि दार उघडलं की पायरी आपली आपण खाली येते, जशी सून चपला पुढे करते तशी. (नुपूरला हे वाचून दाखवू नकोस, ती म्हणेल, मी कधी केल्या?) तू निळ्यावर अडून बसलास, कारण त्याचा हौदा वीतभर लांब, चार खोके जास्त मावतात. मी म्हटलं, ती पायरी बघ. तर तू म्हणालास, बाबा, तुम्हाला मी उचलून बसवीन. मग दोन्ही ट्रकांतून एकेक फेरी मारली. त्यांचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे मी उजवीकडे, इथे चालवणारा बसतो त्या जागी. सिग्नलला सायकलवरच्या एका आजींनी मलाच वाकून नमस्कार केला. त्यांना वाटलं, मीच गाडी थांबवली. मीही रुबाबात मान तुकवली. अश्लेषा खिदळत जपानीत काहीतरी म्हणाली, आणि तुला इतकं हसू आलं की मला त्याचा अर्थ सांगायचं राहून गेलं.

तू असा हसायचास तो सहावीत. संध्याकाळी दिवेलागणीला मी ओळ म्हणायचो, तू बोटांवर लघू-गुरू मोजायचास, आणि मुद्दाम एक मात्रा चुकवायचास. मी ओरडायचो. तुझी आई भाकरी थापता थापता म्हणायची, पोराला जेवू द्या, मात्रा कुठे पळून जात नाहीत. अरुणा गेल्यावर तू मला इथे आणलंस, तेव्हा बॅगेत मी ती कवितांची जुनी पाठ्यपुस्तकं आणि सासवडच्या घराची किल्ली घेतली. तीन वर्षं झाली. ती किल्ली अजून उशाच्या पिशवीत आहे. दोन खोल्यांचं घर, दारात एक पेरू. परत जाण्याबद्दल मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

या देशाची रीत निराळी. आपल्याकडे आधी गाडी येते, मग ती कुठे लावायची यावरून शेजाऱ्याशी भांडण. इथे आधी पोलिसांना दाखवायचं की घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा आहे, गाडी तिच्यात पुरती बसते, आणि त्याचा मापांसकट नकाशा द्यायचा. आपल्या भागातल्या जागा पाच मीटरच्या. तू महिनाभर हिंडून त्या जुन्या लाकडाच्या वखारीमागची मोठी जागा शोधलीस. मालक म्हातारा, शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला. तुला रजा नव्हती. टेप माझ्या हातात देत म्हणालास, तुम्हीच मोजा बाबा, तुमची मात्रा कधी चुकत नाही.

मी येऊन सांगितलं, पाच मीटर सत्तर. निळा पाच-नव्वद, चंदेरी पाच-पंच्याऐंशी. तू पुन्हा विचारलंही नाहीस. ताट संपवलंस, विसळून ठेवलंस आणि म्हणालास, मग मार्चमध्ये घरीच जाऊ. तीन वर्षं हेच ऐकायला मी कान लावून बसलो होतो. ऐकलं, आणि अर्धी पोळी ताटात तशीच ठेवून उठलो.

तेव्हापासून बघतोय. त्या जमिनीवरून आलास की दाराशी चिखलाने भरलेले तुझे रबरी बूट असायचे, ते नुपूरने धुऊन कपाटात ठेवले. तुझी नखं स्वच्छ झाली. जमीनमालकाला फोनवर नकार देताना तू भिंतीला वाकून वाकून माफी मागत होतास. आणि काल दोन्ही ट्रकांची माहितीपत्रकं वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात सुतळीने बांधलीस. उद्या गुरुवार, रद्दीचा दिवस.

आज दुपारी मी तो गठ्ठा सोडला आणि निळ्या ट्रकचं माहितीपत्रक तुझ्या ताटाच्या जागी ठेवलं. हे पत्र तू त्यातूनच काढून वाचतो आहेस. अवधूत, ती जागा सहा मीटर वीस आहे. टेपचं टोक दगडाखाली दाबून मी दोनदा मोजली होती. मात्रा चुकली नाही, मी ती चोरली. मला सासवडला जायचं होतं, आणि तोंडाने मागायची लाज वाटली. सोबत नकाशा काढून ठेवलाय, पेन्सिलीने, पट्टी लावून. खरी मापं आहेत, तरी तू स्वतः मोज. मग त्या म्हाताऱ्याला शनिवारच्या आत फोन कर, आणि जमीनवाल्यालाही. भिंतीला आणखी एकदा वाक. मला पावसाळा सरल्यावर पंधरा दिवस सासवडला पाठव, तेवढं मात्र आज मागतो. ट्रक निळाच घे. पायरीचं काय, न्हाणीघरातलं ते बुटकं प्लास्टिकचं स्टूल आहे, ते लावून चढेन मी. उजवीकडे बसेन. पुढ्यात स्टिअरिंग नसलं तरी चालेल.

तुझाच,
बाबा