डाव्या कुशीतली उघाडी

रोडपाली,
रविवार, दुपार

प्रिय धना,

भावनाला मी बजावून ठेवलंय, की तू डायलिसिसच्या मशीनला लागलास, सुया टोचून झाल्या, की मगच हे पत्र तुझ्या मोकळ्या हातात द्यायचं. त्याआधी नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच सोडून देतोस. भाऊबीजेला पाटावरून उठून गेलास तसं त्या खाटेवरून तुला उठता येणार नाही, एवढाच माझा हिशेब. बायकोवर डोळे वटारून झाले की वाच. आणि जरा शांतपणे वाच, उगाच बीपी चढायचं आणि नर्स भावनालाच बोलायची.

भाऊबीजेचं आधी बोलून मोकळी होते. तुला कुंकू लावून झालं होतं, हातात निरांजन होतं, आणि मी म्हणाले की यंदा साडी नको, तूच माझ्याकडून एक किडनी घे. हसत म्हणाले, कारण गंभीरपणे म्हटलं असतं तर आयने तिथेच रडायला सुरुवात केली असती. तू उठलास. ‘बहिनीला कापून मी जगनार नाय’ म्हणालास आणि चपला घालून गाडीत जाऊन बसलास. मी निरांजन धरून उभी. शेवटी प्रितमने एक करंजी उचलून खाल्ली. माझा नवरा तसाच आहे, काही सुचलं नाही की खातो. तुझं म्हणणं मला कळतं. आपल्यात भावाने द्यायचं आणि बहिणीने घ्यायचं. साडी द्यायची, भाच्याच्या लग्नात मामा म्हणून उभं राहायचं, पण बहिणीपुढे हात पसरायचा नाही. मग बाबांच्या जमिनीवरचा हक्क मी सोडला, तेव्हा तुझा हात कसा रे मागे आला नाही? टोमणा मारतेय, समजून घे. ती सही मी खुशीने केली होती आणि आजही करेन. पण घेणं तुला जमतच नाही, असं मला सांगू नकोस.

आता माझी बातमी. तुला अर्धीमुर्धी कळलीय, म्हणून पूर्ण सांगते. तू निघून गेल्यावर मी कुणाला न सांगता तपासण्या करून घ्यायला गेले. भावनाचं रक्त तुझ्याशी जुळत नाही, आयला साखर, बाबांचं वय झालेलं. उरले मी. माझं जुळलं. मग पोटाचं स्कॅन केलं, आणि तिथे डॉक्टरांनी फोटोत एका जागी बोट ठेवलं. मला विचारलं, डाव्या बाजूला दुखतं का, लघवीतून रक्त जातं का. मी म्हटलं, जातं की, कॉलेजात होते तेव्हापासून. तुला आठवत असेल, घरात माझा ‘मुतखडा’ प्रसिद्ध होता. किती पानफुटीची पानं चावली मी, किती कुळथाचं कढण प्यायले! तुझ्या डंपरवाल्या मित्राने तर बियर सुचवली होती आणि बाबांनी त्याला अंगणातूनच परत पाठवला होता. खडा काही कुणाला सापडला नाही. गौरी आणायच्या दिवशी तर गंमतच. विहिरीवरून हंडे आणले की मला लाल व्हायचं, आणि आय मला लगेच बाजूला बसवायची. पाळी नुकतीच होऊन गेलीय म्हटलं तरी तिचं एकच, ‘लाल ता लाल, गौरीला शिवू नको.’ गौरीची भाजी-भाकरी मी कितीतरी वर्षं दारातून पाहिली. माझ्या अंगात काय बिघडलंय हे कुणी विचारलं नाही, फक्त मी कुठे बसायचं ते सांगितलं. त्याचा मला तेव्हा राग यायचा. आता रागावण्यासारखं काही उरलं नाही, आय तर स्वतःच ते आठवून डोळे पुसते.

तर आजार असा. हृदयातून खाली उतरणारी एक मोठी रक्तवाहिनी, आणि तिच्यातूनच फुटून आतड्यांकडे जाणारी दुसरी. या दोघींच्या बेचक्यातून डाव्या किडनीचं रक्त बाहेर नेणारी शीर जाते. माझं ते बेचकं अरुंद आहे, त्यात शीर चेपते. डॉक्टर त्याला नटक्रॅकर म्हणतात, म्हणजे आपला अडकित्ता, आणि सुपारीच्या जागी माझी शीर. फारच कमी लोकांना असा त्रास होतो म्हणे. बाबांना हे काही केल्या पटेना. ते म्हणत, किडनीतून रक्त जातंय म्हणजे किडनीच नासलीय. मग मी त्यांना मिठागरापलीकडच्या शेताची आठवण करून दिली. बांधाची उघाडी म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडणारं ते लाकडी दार. त्यात एका पावसाळ्यात ओंडका अडकला होता. पाणी तुंबलं, बांध पाझरायला लागला, आणि सगळा गाव बाबांना म्हणाला, कमळाकर, तुझं शेत गेलं. बाबांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून ओंडका ओढून काढला आणि त्याच शेतात त्या वर्षी भात झालं. शेताला काय झालं होतं? काहीच नाही. माझ्या किडनीलाही काही झालेलं नाही. बाहेर पडायची वाट दबलीय, म्हणून आत रक्त तुंबतं आणि मिळेल तिथून पाझरतं. यावर बाबा ‘मंग ओंडका काढा की’ म्हणाले.

तोवर घरात तुमचं सगळ्यांचं ठरून गेलं होतं. निशाचीच, म्हणजे माझीच, किडनी बिघडलेली, ती काय देणार. तू भावनाला म्हणालास, ‘बरा झाला, ताय सुटली.’ हे तिने मला सांगितलं, आणि माझी खरंच सुटका झाली असं वाटून तू त्या रात्री पोटभर जेवलास हेही सांगितलं. बोल आता. इकडे माझ्यावर पहिला उपाय म्हणजे वजन वाढवणं. त्या बेचक्यात चरबीची गादी झाली तर शिरेला जागा मिळते. आयला आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर आवडला. जवळा, बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या, वर तूपभात. दर आठवड्याला रोडपालीला डबा यायला लागला. काही महिन्यांत हनुवटी दुहेरी झाली, ब्लाउज उसवले, प्रितमने तर डब्याला माझ्याहून जास्त न्याय दिला. गादी मात्र जिथे व्हायला हवी तिथे झाली नाही. दुखणं होतं तेवढंच राहिलं.

त्याच्यासोबत राहायचं कसं, ते मला आता जमतं. खारघरच्या शाळेत मी खुर्चीवर बसून विज्ञान शिकवते, कारण फळ्यापाशी उभी राहिले की तासाच्या शेवटी डाव्या कुशीत कुणीतरी मुठीत धरून पिळल्यासारखं होतं. मुलांना वाटतं बाई आळशी झाल्या. पाण्याची बादली उचलत नाही. सकाळी लघवीचा रंग बघते. कधी कोकम सरबत, कधी कोरा चहा, कधी अगदी स्वच्छ, आणि स्वच्छ असला की दिवसभर उगाच बरी असते. अंगातलं रक्त सारखं कमी होतं, जिना चढताना धाप लागते. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. तुझ्या हातावरच्या त्या फुगलेल्या शिरेकडे, आणि पाणी मोजून पितोस त्याकडे बघितल्यावर मला रडायची लाजच वाटते. पण भीती वाटते, ते लिहिते. स्वतःची नाही. मागच्या महिन्यात तू मशीनवरच बेशुद्ध पडलास, तेव्हा भावनाच्या फोनवर मला नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. त्यानंतर भावनाचा फोन आला की उचलायच्या आधी मी खाली बसून घेते.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. डॉक्टरांनी सांगितलं, आता ऑपरेशनशिवाय इलाज नाही. शिरेत जाळी बसवता येते, पण ती सरकायची धास्ती. त्यांच्या मते माझ्यासाठी चांगला मार्ग म्हणजे डावी किडनी तिच्या जागेवरून काढायची आणि खाली, ओटीपोटात, नव्या शिरांना जोडायची. तिथे अडकित्ता नाही. मी विचारलं, काढणारच आहात तर ती माझ्याच पोटात परत ठेवली पाहिजे असं कुठे आहे? ते हसले नाहीत. त्यांनी किडनी बदलणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं, सगळे फोटो पुन्हा बघितले, माझी उजवी वेगळी तपासली. उजवी ठणठणीत आहे, एकटी मला पुरेल. डावी चांगली आहे, तुझ्यात बसली तर मोकळी वाहील. जोखीम दोघांनाही आहे, ती त्यांनी लपवली नाही, तुलाही बसवून सांगतील. तेव्हा धना, बहिणीला कापून जगायचा प्रश्न आता राहिला नाही. बहिणीला कापणार आहेतच, तू जग नाहीतर नको जगू. पुढच्या महिन्यात ती माझ्या कुशीतून बाहेर निघेल, माझं दुखणं थांबेल, आणि ऑपरेशनच्या टेबलाशी कुणीतरी विचारेल की हिला आता कुठे ठेवायचं. तू नाही म्हणालास तर मला वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू, फार वाटेल. इथे माझ्यासमोर पाट मांडलेला आहे, निरांजनात वात घातलीय, भाऊबीज होऊन किती महिने झाले याची मला पर्वा नाही. आज मशीनवरून सुटलास की गाडी घराकडे नको, रोडपालीकडे वळव. राहिलेलं ओवाळून घे, आणि ओवाळणीत मला फक्त तुझा हो घाल.

तुझीच,
निशाताय