राजीखुशीची सही

प्रिय मयू,

रोज फोन होतो, मग आईने पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. आपल्या घरात फोनवर बोललेलं पलीकडच्या खोलीत ऐकू जातं. आणि खरं सांगायचं तर तुझा आवाज आला की मला जेवलीस का आणि खोकला कसा आहे, एवढंच सुचतं. बाकीचं राहूनच जातं. पुढच्या शुक्रवारी तू नाशिकहून तलासरीला येणार आहेस, बाबांच्या झरीच्या वाडीवरचा तुझा हक्क पीयूषच्या नावे सोडून द्यायला. माझीही सही त्याच कागदावर होणार आहे. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून उद्या सकाळी स्वतः पोस्टात टाकणार आहे.

काल रविवारी पीयूष आणि वर्षा मला डहाणूला घेऊन गेले. बाबा गेल्यापासून वर्षभर मी कुठे बाहेर पडले नव्हते. पीयूष म्हणाला, चल आई, समुद्राची हवा खा जरा. कुठे नेतोय ते सांगितलं नाही, सरप्राइज म्हणाला. मी नवी साडी नेसले, केसात मोगरा माळायला गेलेला हात मागे घेतला आणि गाडीत बसले. गाडी थांबली ती आनंदी प्लाझासमोर. रविमामाने माझ्या माहेरची चिकूची वाडी विकली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी त्या रस्त्याने गेले नव्हते. रिक्षावाल्याला लांबचा रस्ता घ्यायला सांगायचे. पीयूषला हे माहीत नाही. त्याला वाटलं, आईला आवडेल, तिच्या आईचं नाव आहे पाटीवर, विकताना मामाने तेवढं ठेवायला लावलं होतं.

देखणं केलं आहे, खोटं कशाला बोलू. वर उघडं आकाश, खाली बारीक खडी, लाकडी बाकं, झाडाझाडांवरून ओढलेल्या दिव्यांच्या माळा. एका बाजूला पिझ्झा, एका बाजूला गुजराती थाळी, मध्ये साबण आणि सुती कुडत्यांची दुकानं. चिकूचं आईस्क्रीम, चिकूची बर्फी, चिकूचा चहासुद्धा. जिथे क्रेट भरायचे ती शेड पाडून तिथे मुलांचा झोपाळा बसवला आहे. विहिरीवर जाड काच टाकून आत दिवे लावलेत, आणि मुलं काचेवर उभी राहून फोटो काढत होती. मी त्यांना खाली उतरा म्हणत होते. तीस फूट खोल विहीर आहे ती. वर्षा म्हणाली, आई, मजबूत असते काच, घाबरू नका.

पीयूषने सावलीचं म्हणून कडेचं टेबल धरलं. टेबलाचा नंबर मागच्या झाडाला खिळ्याने ठोकला होता, चौदा. मी झाड ओळखलं. तुला ती कचेरी आठवते का गं, जिथे मी या वाडीवरचा हक्क रवीच्या नावे सोडला? तू अकरा वर्षांची होतीस, बाहेर बाकावर बसून उसाचा रस पीत होतीस. आजोबांना जाऊन तीन महिने झाले होते. आत साहेबांनी मला विचारलं, ताई, राजीखुशीने सही करताय ना, कोणाचा दबाव नाही ना? मी हो म्हटलं, आणि वर हसलेसुद्धा, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्यामागोमाग आनंदीआजीनेही अंगठा नको म्हणून आपलं नाव एकेक अक्षर जुळवत लिहिलं. कागदावर लिहिलं होतं की माझा हिस्सा मला साडीचोळीच्या रूपाने पोचला. खरोखरच पोचला. पायरीवरच मामीने जांभळी साडी दिली, ओटी भरली. रवी म्हणाला, ताई, विहिरीजवळची दोन झाडं तुझी. ते कागदावर कशाला हवं, मी आहे ना. त्यातलं एक तोडलं गेलं. दुसऱ्याला चौदा नंबर मिळाला.

मला कोणी फसवलं नव्हतं. मला सगळं कळत होतं. तुझे बाबा आदल्या रात्री म्हणालेही होते, तुझं तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. मी ठरवलं की जमीन काय, गेली तर गेली, माहेर राहायला हवं. दिवाळीला कोणीतरी ये म्हणायला हवं. आपल्याकडे हिस्सा मागितलेल्या बायकांची नावं लोक कशी घेतात ते मी लहानपणापासून ऐकत आले. माझी वर्गातली जयश्री. तिने वाटणी मागितली, तर तिच्या भावाने स्वतःच्या लेकीच्या लग्नाची तिला पत्रिकासुद्धा पाठवली नाही, आणि आम्ही सगळ्याजणी लग्नात जेवून तिलाच नावं ठेवून आलो. मीही त्यात होते. मला जयश्री व्हायचं नव्हतं.

झाडाला फळ होतं. हाताशी लोंबत होतं, म्हणून मी नखाने साल जराशी खरवडून पाहिली. आत हिरवं दिसलं तर अजून वेळ आहे, हे आमच्याकडे पोरांना बोलता येण्याआधी कळतं. तेवढ्यात वॉचमन आला. मॅडम, झाडाला हात नाही लावायचा, तसा बोर्ड आहे. मी सॉरी म्हटलं. मयू, मी त्याला सॉरी म्हटलं. पीयूष हसून म्हणाला, आई, तुझी सवय काही जायची नाही.

हात धुवायला गेले तर तिथे हिरू. रानशेतची हिरू, याच वाडीत वीस वर्षं चिकू उतरवायची, तुला खांद्यावर घेऊन बेडणी, फळं काढायची जाळीची काठी, धरायला शिकवायची, ती. आता हिरवा कोट घालून फरशी पुसते. माझ्याकडे बघून म्हणाली, बाय, तू पण आता इथली पाहुणी झालीस ना गं. मी म्हटलं, हिरू, तू तरी इथेच आहेस. तर म्हणते कशी, मी तर पहिल्यापासून पाहुणीच होते. तुला आता कळलं. आणि फडकं पिळून पुढच्या फरशीकडे वळली. चिडून नाही बोलली. वेळ सांगावी तसं सांगितलं.

परत आले तर पीयूष वर्षाला हाताने दाखवून समजावत होता, पार्किंग कुठे, किचन कुठे. मला बघून म्हणाला, आई, मामाला अक्कल उशिरा आली, आपण उशीर नको करायला. झरीची वाडी हायवेपासून दहा मिनिटांवर आहे. एकदा कागद झाले की विकायची बोलणी करू. मी विचारलं, आणि घर? घर वाडीतच आहे ना. तर वर्षा पटकन म्हणाली, आई, तुमच्यासाठी छान फ्लॅट बघू आम्ही, लिफ्ट असलेला. वाईट मनाने नाही म्हणाली गं. तिला आजीची गोष्ट माहीत आहे. वाडी विकल्यावर रवीने आजीला डहाणू रोडला स्टेशनमागे तिसऱ्या मजल्यावर ठेवलं, लिफ्ट नव्हती. शेवटचे आठ महिने ती खाली उतरलीच नाही. खिडकीतून समोरच्या लॉजची पाण्याची टाकी दिसायची. मी भेटायला गेले की म्हणायची, तुझा भाऊ चांगला आहे, वाण्याकडचं सामान वर पाठवतो. वर्षाच्या मनात तेवढीच सुधारणा आहे. पीयूषने माझ्यासाठी आल्याचा चहा मागवला, मेनूत नसताना करून घेतला, फुंकर मारून पुढे ठेवला. वाईट मुलगा नाही तो. रवीही वाईट नव्हता. त्यांना आपण कधी अडवलंच नाही, एवढंच.

आता एक सांगते, ते वाचून माझा राग आला तर येऊ दे. हक्कसोडीचा विषय पीयूषने काढलेला नाही. मी काढला. बाबांच्या वर्षश्राद्धाला तुझे काका वारसांच्या नावांचं बोलत होते, तेव्हा पंगतीत वाढता वाढता मीच म्हणाले, मयूची काळजी नको, तिच्या आईने केली तशी तीही करेल सही, आणि मीही करेन. सगळ्यांनी मान डोलावली. मला केवढं बरं वाटलं. तू नंतर फोनवर विचारलंस, आई, सही केल्यावर मी त्या घरात कोण? मी म्हटलं, वेडी आहेस का, लेक ती लेकच. तू गप्प झालीस. ते गप्प होणं मला ओळखीचं होतं, तरी मी जेवलीस का म्हणून विचारलं.

सही करू नकोस. एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं. तू अडून राहिलीस तर माझी एकटीची सही घेऊन पीयूषला वाडी विकता यायची नाही, आणि मलाही त्या घरातून हलावं लागणार नाही. पाहा, यातही माझा स्वार्थ आहेच. नाही म्हणायची हिंमत मला एकोणपन्नासाव्या वर्षीही नाही, म्हणून तुझ्याकडून म्हणवून घेते आहे. शुक्रवारी मी तिथे असेन. काका असतील, वकील असतील, पीयूष तुझ्यासाठी साडी घेऊन आला असेल. तू नाही म्हणालीस की सगळे माझ्याकडे बघतील, आणि मी मला ओळखते, मी तुझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणेन, कर गं बाळा, भावासाठी कर. कदाचित रडेनही. तेव्हा तू माझं ऐकू नकोस. चार लोकांसमोर बोलेल ती आई नको धरूस. ही धर.

शुक्रवारी तुझ्या बाजूने उभी दिसले नाही, तरी तुझीच,
आई