प्रत्येक खांबामागे तुमचे बंधू

प्रिय वन्सं,

नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही. (वयाने तुम्ही धाकट्या, नात्याने मानाच्या. हवं ते ठेवून घ्या, उरलेलं परत पाठवू नका.) मान कशी आहे? पट्टा लावता की तो कपाटात ठेवून नुसतं दुखतं म्हणता? मी बरी आहे. जेवते, झोपते. "करमत नसेल ना हो?" असं कुणी विचारलं की नाही म्हणते आणि दार लावून घेते.

तुमच्या बंधूंचं शेवटचं काम तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या इमारतीखाली गाड्या लावतात तिथले खांब तडकले आहेत. जन्मभर पूल तपासण्याची नोकरी केलेला माणूस निवृत्त झाला म्हणून खांबांकडे पाठ फिरवेल होय? त्यांनी फोटो काढले आणि रहिवाशांच्या सभेत दाखवायला स्लाइड्स तयार केल्या. इमारतीने त्यांचं नाव 'भेगाकाका' ठेवलं. इमारत पडेल, इमारत पडेल म्हणता म्हणता आधी तेच गेले, आणि सभा राहिली. मी म्हटलं, आता मी दाखवते. तिसऱ्या खांबावर माझं स्वयंपाकघर उभं आहे, चेअरमनचं नव्हे.

हे चेअरमन म्हणजे दुसऱ्याने पेटवलेल्या चुलीवर आपली पोळी भाजणारा गृहस्थ. "वहिनी, जरा नजर टाकतो," म्हणून त्यांनी फाइल नेली. परत आली तेव्हा पहिल्या स्लाइडवर तुमच्या बंधूंचं नाव नव्हतं, चेअरमनचं होतं. (वर अक्षर जाड, रंग निळा.) मी मूळ फाइल घेऊन तडक वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, वॉटरमार्क टाका. म्हणजे मजकुरामागे पुसटशी खूण. 'स्लाइड मास्टर' नावाचं एक मूळ पान असतं, त्यावर ती ठेवली की सगळ्या स्लाइड्सच्या मागे आपोआप उमटते, आणि वरवर टिचकी मारून कुणाला पुसता येत नाही.

आधी मी नाव टाकलं. अक्षरांत अक्षरं घुसून गिचमिड झाली. मग म्हटलं, फोटोच टाकावा. चेहरा चोरून चेअरमन कुठे लावणार? कॉम्प्युटरवर त्यांचा एकच फोटो होता, नोकरीच्या ओळखपत्राचा. (तोच, ज्यात फोटोग्राफरने लाच मागितल्यासारखे बघतात.) तो पुसट केला तर वाफेसारखा दिसायला लागला. मला ते बरं वाटलं नाही. थोडा गडद केला. अजून थोडा. दुपारी खिडकीच्या उजेडात छोट्या पडद्यावर तो अगदी बेताचा दिसत होता. चूक झाली ती इथे.

सभा खालीच, त्या खांबांमध्येच होती. भिंतीवर पांढरी चादर लावली, दिवे मालवले, आणि चादरभर तुमचे बंधू उभे राहिले. अक्षरं कुणाच्या डोळ्यांत शिरलीच नाहीत. दुसऱ्या स्लाइडवर तिसऱ्या खांबाचा फोटो होता. त्यातला तडा बरोबर त्यांच्या कानापासून हनुवटीपर्यंत गेला. तळमजल्यावरच्या काकू ओरडल्या, "अगं बाई, केवढं लागलं होतं हो त्यांना!" मी म्हटलं, "तो खांब आहे." त्या रडायलाच लागल्या. मी पुढची स्लाइड घेतली. तर सळ्यांचा गंज त्यांच्या डोळ्यांखाली आला.

चेअरमन उठले. दोन मिनिटं स्तब्धता पाळा म्हणाले. पाळली. मग भाषणं. ज्यांनी त्यांना जिन्यात पाहून दारं लावली, ते सगळे गहिवरले. एक जण तर तिसऱ्या खांबालाच टेकून बोलत होता. मी दुरुस्तीच्या ठरावाचं काढलं तेव्हा चेअरमन हळूच म्हणाले, "वहिनी, आज नको. अशा प्रसंगी खर्चाचा विषय बरा दिसत नाही." त्याऐवजी दुसरा ठराव एकमताने झाला: त्यांची तसबीर लावायची. कुठे? तिसऱ्या खांबावर. तडा झाकला जाईल आणि स्मृतीही राहील.

परवा खिळा ठोकला. बिस्किटात जावा तसा गेला. मग हातभर गिलावा खाली आला, आतली सळई दिसली, आणि तसबीर डॉक्टरांच्या गाडीच्या टपावर पडली. काच फुटली. चेअरमन म्हणाले, "खिळा मोठा होता." आता रविवारी पुन्हा सभा आहे. मी पातेली आणि डबे बाहेरच्या खोलीत आणून ठेवलेत. तिथे खाली चौथा खांब आहे.

तब्येतीला जपा. मानेचा पट्टा लावा.

तुमची,
वहिनी

ता. क. सोबत पेनड्राइव्ह पाठवते आहे. तुम्ही कॉलेजात रोज स्लाइड्स दाखवता, म्हणून विचारते. तो फोटो मागून काढून रविवारच्या आत पाठवाल का? तो असेपर्यंत खांब कुणाला दिसणार नाही.

ता. क. २. कसा काढायचा ते डॉक्टरांनी मला दाखवलं आहे. फोटो निवडायचा आणि एक बटण दाबायचं, बस. पण आमचं ते बटण बिघडलं असावं. बाकीची चालतात.

ता. क. ३. एक प्रत माझ्यासाठी वेगळी करा. तिच्यातून खांब, तडे, गंज, सगळा मजकूर काढून टाका. नुसते तेच राहू द्या. आणि पुसट करू नका.