वहिनींची गार

दि. ९ मार्च, सोमवार

आदरणीय वहिनींना नमस्कार.

दादाचा खोकला उतरला हे कळलं, जीव भांड्यात पडला. इकडे आम्ही देवाच्या दयेने ठीक. हिचे गुडघे दुखतात, पण डॉक्टरकडे चल म्हटलं की दुखायचे थांबतात. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. बोलायला गेलो की मी हवापाण्यावर येतो, म्हणून लिहितोय.

आपली ती पहिली बिनतारी टेलिफोनची पेटी, जिच्यावरून डोंगरावरच्या चौकीशी पहिल्यांदा बोलणं झालं, ती आता कारखान्याच्या दारात काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. खाली पाटी असेल, 'पहिलं बोलणं हिच्यावर झालं. हिचा प्रत्येक भाग आपल्या माणसांनी घडवला.' पेटी पुसायचं काम माझ्याकडे आलं.

वहिनी, खेड्यातल्या शाळेतून आलेल्या मला तुम्ही या कारखान्यात आणलंत. गारेच्या स्फटिकाची चकती, जिच्यावर पेटीचा सूर ठरतो, ती पाणी नि पूड घालून काचेवर कशी घासायची, मापयंत्राचा काटा जागेवर आला की हात कसा आवरायचा, जास्त घासली गेली तर शिसपेन्सिलीची एक रेघ ओढून, तेवढंच वजन परत देऊन कशी सावरायची, हे सगळं तुमचं. घाई केली की तुम्ही माझ्या हातावर पट्टी मारायचात, तीही पोरांसमोर. माझं घर, मुलीचं शिक्षण त्या पट्टीमुळे झालं. देवापुढे हात जोडतो तेव्हा तुमचं नाव आधी येतं.

त्या पहिल्या बोलण्याच्या दिवसाला तेवीस वर्षं झाली. तोवर चकत्या परदेशातून यायच्या. आपली पहिली तुमच्या हातची. मैदानातला तंबू तापला होता, पेटीचा पत्रा चटका देत होता. समोर मोठी माणसं बसलेली. मला वाटलं, उष्णतेने काटा सरकला तर आवाज जाईल, आणि आपल्या लोकांना जमत नाही असं सगळे कायमचं म्हणतील. तुम्ही पाणी प्यायला गेलात तेवढ्यात मी तुमची चकती काढली आणि परदेशी बसवली.

आवाज स्वच्छ आला. लोक उभे राहिले. तुम्हाला मंचावर नेलं. खाली उतरून तुम्ही थेट माझ्याकडे आलात आणि म्हणालात, "भावजी, आपली गार बोलली."

मी हो म्हणालो.

तुमची चकती तेव्हापासून माझ्याकडे, देवाच्या तसबिरीमागे आहे. रोज हात जोडायचो आणि नजर चुकवायचो. गेल्या आठवड्यात ती पेटीत बसवली, भोवती दिवे लावून तंबूपेक्षा जास्त तापवली. चार दिवस. काटा हलला नाही, वहिनी. जे कच्चं होतं ते माझ्यात होतं.

साहेबांना सांगितलं. ते हसून म्हणाले, आता तर तुमच्या वहिनींचीच आत आहे, पाटी खरी झाली, कोण उघडून बघतंय. पण पहिलं बोलणं तुमच्या गारेवर झालं नाही, हे तुम्हाला माहीत नसताना मी त्या कपाटासमोरून रोज कामावर कसा जाऊ? नातवंडांना तुम्ही सांगता ती गोष्ट मी मोडतोय, हे कळतं मला. पुढे हजारो पेट्यांत कारखान्यातल्या तुमच्या खोलीत घासलेल्या चकत्या गेल्या, दऱ्याखोऱ्यांत, बेटांवर बोलल्या. त्यातली एकही मी बदलली नाही, एवढंच माझ्या बाजूने आहे.

नवी पाटी लिहून दिली आहे. 'पहिलं बोलणं परदेशी चकतीवर झालं, कारण बसवणारा घाबरला. आपली चकती तेव्हाही पक्की होती. ती आता आत आहे.' खाली माझं नाव. साहेब म्हणतात, वहिनींची सही आणा, तरच लावतो. शुक्रवारी कागद घेऊन येतो. दादासमोर काय बोलायचं ते बोला. सही केली नाहीत तरी पेटीतली गार तुमचीच राहील.

जे काही आलं ते तुमच्याकडून शिकलेला, आणि तुमच्याच हातावर एक दिवस भरवसा न ठेवलेला,

तुमचा भावजी